मालाच्या सायकलीस स्प्रिंगचा चिमटा : एक अल्पखर्ची प्रयोग व त्याचा खरा हिशेब

आपल्या स्मरणिकेच्या पृष्ठांतून प्रतिवर्षी बाजारपेठेची स्थिती, करविषयक कायदे व धर्मचिंतन या विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख प्रसिद्ध होत असतात. अशा पंक्तीत सायकलीच्या चिमट्याची हकीकत घेऊन बसण्याचे धाडस एक धान्याचा व्यापारी करीत आहे, याबद्दल सुज्ञ वाचकांनी प्रथमच क्षमा करावी. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे; माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु वजन, माप आणि जमाखर्च या तीन गोष्टींशी जन्मभर संबंध आल्यामुळे, या तिहींच्या आधारे जे करता आले आणि जे करताना चुकले, ते दोन्ही बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रयोगाचे कारण

सुरतेतील नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना हा सर्व भाग खानदेशातून आलेल्या श्रमजीवी कुटुंबांनी गजबजलेला आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील माणसे यंत्रमागाच्या कामासाठी येथे आली व येथलीच झाली. गहू, बाजरी, ज्वारी ही त्यांच्या घरची नित्याची गरज. आमची पेढी घाऊक मालाची असली तरी आसपासच्या लहान दुकानांना पाच-दहा किलोच्या पिशव्यांपासून अर्ध्या कट्ट्यापर्यंत माल पोहोचवावा लागतो. टेम्पो मुख्य रस्त्यावर येतो. चाळींच्या बोळांत तो शिरत नाही. तेथे आजही जुनी काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकलच उपयोगी पडते.

आमचे माल पोहोचविणारे गृहस्थ पेढीवर अनेक वर्षे आहेत. सर्वजण त्यांना आप्पा म्हणतात. एके दिवशी पावतीवर सही करताना त्यांच्या हातून लेखणी गळून पडली. विचारता म्हणाले, “शेठ, करंगळी आणि शेजारचं बोट दुपारनंतर बधिर होतं. मुंग्या येतात. रात्री उतरतं.” मी त्यांना डॉक्टरांकडे पाठविले. डॉक्टरांनी सांगितले की, हँडलच्या मुठीवर तळहाताचा दाब व वरून सततचे हिसके यांमुळे मनगटाजवळून करंगळीकडे जाणारी शीर दुखावली आहे. विश्रांती द्या, मुठींना जाड वेष्टन घाला आणि हिसके कमी करा, असा त्यांचा सल्ला होता. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसऱ्या गोष्टीसाठी एक तर रस्ते बदलावयास हवे होते, नाहीतर सायकल. रस्ते आमच्या हाती नव्हते.

सायकलीला स्प्रिंग कशी आली आणि कशी गेली

हा विचार नवा नव्हे. सायकलींची चाके लोखंडी व भरीव रबराची होती तेव्हा स्वाराचे अंग अक्षरशः खिळखिळे होत असे. म्हणून १८८५ च्या सुमारास इंग्लंडात ‘व्हिपेट’ नावाची सायकल निघाली. तिचा सांगाडाच स्प्रिंगवर टांगलेला होता. पुढे बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठी घरच्या घरी हवेची रबरी नळी बनविली व १८८८ साली तिचे पेटंट घेतले. हवा भरलेल्या टायरने हिसका इतका शोषून घेतला की सायकलीवरील स्प्रिंगची गरजच बहुतेकांस वाटेनाशी झाली. एका बापाच्या घरगुती खटपटीने कारखानदारांची स्प्रिंग मागे टाकली, ही गोष्ट आपल्यासारख्यांना धीर देणारी आहे.

तरीही स्प्रिंगचा विचार मेला नाही. जुन्या मोटारसायकलींना पुढे दुहेरी सांगाड्याचा, जोडपट्ट्यांवर झुलणारा चिमटा असे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरविण्यासाठी रॉयल एन्फिल्डने जी हलकी ‘फ्लाइंग फ्ली’ गाडी बनविली, तिच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी रबराची कडी होती. १९६२ साली अलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची सायकल काढली व तिला पुढे-मागे झोळ दिला. अमेरिकेत १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ या कंपनीचा चिमटा डोंगरी सायकलींसाठी आला आणि तेव्हापासून तो सर्वत्र पसरला. आपल्या देशात आसामच्या मोरीगावचे कनक दास यांनी खड्ड्याच्या हिसक्यातूनच चाकास गती मिळेल अशी स्प्रिंगदार सायकल स्वतः बनविली व तिची दखल राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने घेतली. २००० साली स्थापन झालेली ही संस्था आपल्याच गुजरातेत, गांधीनगरजवळ आहे. तात्पर्य, साध्या माणसाने साध्या हत्यारांनी असे काम करणे अशक्य नाही.

बाजारात आज तयार स्प्रिंगचे चिमटे मिळतात, हे खरे. परंतु स्वस्तातील चिमटे एकट्या स्वाराच्या वजनासाठी असतात; हँडलला पिशव्या व मागे कट्टा अशी गाडी त्यांवर लादली की ते तळाला टेकून बसतात, आणि टेकलेली स्प्रिंग म्हणजे नसलेली स्प्रिंग. म्हणून आम्ही आपल्या मापाचा चिमटा करण्याचे ठरविले.

पहिला चिमटा : माझी चूक

२०२२ च्या उन्हाळ्यात, लेथ व झाळकाम जाणणाऱ्या एका मिस्त्रींच्या मदतीने पहिला चिमटा तयार झाला. चिमट्याची मान, म्हणजे सांगाड्याच्या पुढच्या नळीतून वर हँडलकडे जाणारी दांडी, आम्हांस थोडी लांब हवी होती. मिस्त्री म्हणाले, अखंड लांब मान शोधू या. मी म्हणालो, शोधण्यात आठ दिवस जातील. पाण्याच्या नळाचा तुकडा लावून वेल्ड करा. त्यांनी दोनदा नको म्हटले. पैसे माझे, हुकूम माझा. त्यांनी तसे केले.

रिकाम्या गाडीच्या पहिल्या चाचणीत आणखी एक दोष कळला. जुन्या गाडीचा ब्रेक सळईचा. मूठ हँडलवर आणि ब्रेकचे रबर हलत्या चिमट्यावर. चिमटा दबला की दोहोंतील अंतर कमी होई व सळई सैल पडे. म्हणजे ज्या खड्ड्यात ब्रेक हवा, नेमका तेथेच तो ढिला होई. हा दोष चालवण्यापूर्वी उमगला म्हणून आम्ही वायरचा ब्रेक बसविला. वायरीला बाहेरून वेष्टनाची नळी असते. चिमटा वर गेला तरी वेष्टनाची लांबी बदलत नाही, म्हणून ताणही बदलत नाही. हा दोष दूर केल्याच्या समाधानात मी वेल्डचा सांधा विसरलो.

श्रावण महिन्यात, खोदून अर्धवट बुजविलेल्या एका रस्त्यावर तो सांधा तुटला. हँडल आप्पांच्या हातात राहिले व चाक पुढे गेले. आप्पांचे उजवे मनगट मोडले. ज्या हातांच्या सुखासाठी चिमटा केला, तोच हात मोडला. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने चहा दिला व एक शब्दही बोलल्या नाहीत. आप्पाच म्हणाले, “शेठ, गाडी वाईट नव्हती. सांधा वाईट होता.” त्या वर्षीच्या संवत्सरीस सर्वांआधी त्यांच्यापुढे हात जोडले. पण क्षमा मागणे एक आणि चूक सुधारणे दुसरे. त्यांनी बरे झाल्यावर स्वतःच विचारले, “दुसरा कधी करायचा?” तेव्हा पुढील काम हिशेबाने करावयाचे ठरले.

स्प्रिंगचे गणित, धान्याच्या काट्यावर

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जितके वजन, तितके दबणे. वजन दुप्पट तर दबणेही दुप्पट. हा नियम आपल्या जुन्या स्प्रिंगकाट्याचा प्राणच आहे, म्हणून व्यापाऱ्यास तो अपरिचित नाही.

प्रथम पुढच्या चाकावर प्रत्यक्ष किती भार येतो ते पाहावे. आम्ही पुढचे चाक दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर आणि मागचे चाक तितक्याच उंचीच्या फळीवर ठेवून, मागे माल बांधून, हँडलला पिशव्या अडकवून, आप्पांना गाडीवर बसविले. काट्याने ४५ किलो दाखविले. त्यांतून चाक व हलता चिमटा यांचे स्वतःचे सुमारे ५ किलो वजा केले, कारण ते स्प्रिंगच्या खाली असते. राहिले ४० किलो. दोन स्प्रिंगांत प्रत्येकी २० किलो.

गाडी उभी असताना स्प्रिंग थोडी दबलेली असलीच पाहिजे, नाहीतर खड्ड्यात चाक खाली उतरू शकत नाही. एकूण चाल ३६ मिलिमीटर धरून त्यांतील तिसरा हिस्सा, म्हणजे १२ मिलिमीटर, स्थिर भारासाठी ठेवला. म्हणजे प्रत्येक स्प्रिंग २० किलोने १२ मिलिमीटर दबावी. पूर्ण ३६ मिलिमीटर दबण्यास मग प्रत्येकी ६० किलो, दोहोंस मिळून १२० किलो जोर लागेल. स्थिर भाराच्या तिप्पट हिसका ती पेलील.

यासाठी साडेचार मिलिमीटर जाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी तारेची, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत २८ मिलिमीटर व्यासाची, ११ चालू वेढे व दोन्ही टोकांस एकेक बसका वेढा असलेली, सुमारे १०० मिलिमीटर लांबीची स्प्रिंग योग्य ठरते. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. साडेचारऐवजी पाच मिलिमीटरची तार घेतली तर फरक डोळ्यांस दिसणार नाही, परंतु स्प्रिंग दीडपट ताठ होईल. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता वजन ठेवून पाहावे. मधून सळई घालून स्प्रिंग उभी करावी, तिच्यावर २० किलोचे जुने लोखंडी माप ठेवावे व पट्टीने मोजावे. मग दुसरे २० किलो ठेवावे; दबणे दुप्पट व्हावे. ४० किलो रात्रभर तसेच ठेवून सकाळी काढावे. स्प्रिंग पूर्वीच्या लांबीवर परत न आल्यास ती त्याज्य समजावी. आम्ही आणलेल्या सहा भंगारी स्प्रिंगांपैकी एकही या परीक्षेत उतरली नाही. अखेर दोन नव्या वळवून घेतल्या.

रचना

नळीत नळी सरकणारा चिमटा दिसावयास सुबक असतो, परंतु दोन्ही बाजू अगदी समांतर व घोटीव नसतील तर तो अडकतो. घरगुती कामास जोडपट्ट्यांचा जुना प्रकार बरा, कारण त्यात फक्त खिळीवर फिरणारे सांधे असतात.

रचना येणेप्रमाणे. जुन्या चिमट्याची मान व तिच्या खालचा कारखान्यात बसविलेला खांदा अखंड ठेवून फक्त दोन पाय कापून टाकावेत. मान सांगाड्याच्या नळीत पूर्ववत छऱ्यांवर फिरते. यावेळी पुरेशी लांब मान एका मोठ्या सांगाड्याच्या भंगार सायकलीत मिळाली. शोधास अकरा दिवस लागले. दुसरा संपूर्ण चिमटा भंगारातील डोंगरी सायकलीचा, सरळ पायांचा, सव्वीस इंची चाकाचा घ्यावा. त्याचे जाड टायर हा एक अधिकचा लाभ. हा दुसरा चिमटा पहिल्या मानेच्या पुढे, तिला समांतर उभा राहतो. वर एक व खाली एक अशा जोडपट्ट्यांनी दोन्ही माना जोडाव्यात. पट्टी ६ मिलिमीटर जाडीची. खिळी १२ मिलिमीटरच्या. प्रत्येक सांध्यातील गनमेटलचा बुश किमान ६० मिलिमीटर रुंद असावा, नाहीतर वळताना चाक एका बाजूस पिळवटते.

स्प्रिंगा हलत्या चिमट्याच्या खांद्यावर उभ्या राहतात व त्यांची वरची टोके पहिल्या मानेच्या माथ्यावर घट्ट बसविलेल्या पट्टीस टेकतात. चाक वर गेले की त्या मध्ये दबतात. शेवटी जाड रबराचा टेका द्यावा, म्हणजे मोठ्या खड्ड्यात लोखंड लोखंडावर आदळत नाही.

जोडपट्टीची लांबी मनास येईल ती ठेवू नये. हातगाडीच्या फिरत्या लहान चाकाकडे पाहावे. त्याची खीळ पुढे व चाक मागे ओढत येते, म्हणून ते आपोआप सरळ चालते. सायकलीतही मानेची रेषा खाली वाढविली तर ती चाक जमिनीस टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. चाक फार पुढे सरकविले तर हे अंतर नाहीसे होऊन गाडी हातात थरथरू लागते. आमच्या जुन्या चिमट्याचा पुढचा बाक सुमारे ८० मिलिमीटर होता. डोंगरी चिमट्याचा सुमारे ४०. म्हणून खिळीपासून खिळीपर्यंत ४५ मिलिमीटरची पट्टी ठेवली व एकूण अंतर जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले.

नुसती स्प्रिंग उसळत राहते. ती उसळी मारण्यासाठी जुन्या मोटारसायकलींत घासणाऱ्या चकत्या असत. त्याच धर्तीवर खालच्या खिळीवर दोन्ही बाजूंस चकत्या घालून नटाने आवळल्या. मिस्त्रींनी चामड्याच्या चकत्या आणल्या होत्या. त्या नम्रपणे परत केल्या व ब्रेकच्या अस्तराच्या वापरल्या. काम तितकेच चांगले झाले.

माणसापूर्वी चाचणी

या वेळी माणूस बसविण्यापूर्वी गाडीवर ८० किलोचे कट्टे बांधले आणि जाड फळीवरून शंभर वेळा हाताने ढकलीत उतरविले. मग प्रत्येक सांध्यास रॉकेल लावले, स्वच्छ पुसले आणि वर खडूची पूड शिंपडली. कोठे केसाएवढी चीर असेल तर आत गेलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल नसल्यास डिझेल चालते. एका पट्टीच्या झाळीवर अशी रेघ उमटली. ती पट्टी काढून टाकली, नवी केली आणि शंभर फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून केल्या. प्रथम मी बसलो, आप्पा नंतर. हीच खडूची परीक्षा आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, खिळींना तेल देताना होते.

जमाखर्च

दुसऱ्या चिमट्याचा खर्च असा : भंगारातील डोंगरी चिमटा व चाक ४५० रुपये, लांब मानेचा जुना चिमटा १२०, पट्टी, गज व बुश ३८०, दोन स्प्रिंगा २४०, लेथ, झाळ व मजुरी ९००, वायरचा ब्रेक १८०, किरकोळ ८०, एकूण २,३५० रुपये. पहिल्या चिमट्यास ९६० रुपयेच लागले होते आणि तो स्वस्त पडला असे मी चार जणांना सांगितलेही होते. परंतु त्याच्याच खात्यावर आप्पांचे औषधपाणी व घरी बसल्या काळाचा पगार मिळून अडतीस हजारांहून अधिक रक्कम लिहावी लागली. मोडलेल्या हाताचे दुःख तर कोणत्याच वहीत लिहिता येत नाही. काटकसर भंगारात करावी, रंगात करावी, स्वतःच्या श्रमात करावी. ज्या सांध्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, तेथे करू नये.

२०२३ पासून ती गाडी नियमित चालत आहे. वजन सुमारे चार किलोने वाढले, चढावर थोडा जोर अधिक लागतो, हे दोष मान्य केले पाहिजेत. आप्पांच्या बोटांची बधिरता पूर्ण गेली नाही. मुंग्या रोज येत त्या आता क्वचित येतात, असे ते सांगतात.

अतिभार

अखेरीस धर्मदृष्ट्या एक गोष्ट निवेदन करावीशी वाटते. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. बैलावर, घोड्यावर शक्तीपलीकडे ओझे लादू नये, असा त्याचा अर्थ आपण बालपणापासून ऐकतो. बैलगाड्या गेल्या म्हणून तो अतिचार गेला, असे आपण नकळत धरून चाललो आहोत. वस्तुतः बैलाच्या जागी आज माणूस आहे आणि तो बैलाप्रमाणे थांबून नकारही देत नाही.

स्प्रिंग भार कमी करीत नाही. ती केवळ हिसका वाटून घेते. नवा चिमटा बसल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या मुनिमांनी सहज सुचविले की आता दहा किलो अधिक पाठविता येतील. व्यापारी बुद्धीचा मोह असा असतो. ज्या सुखासाठी साधन केले, त्या सुखाचाच माल करून विकावा असे वाटते. त्याच दिवशी पेढीच्या भिंतीवर लिहून लावले : मागे ४० किलो, हँडलला १२ किलो, अधिक नाही. काट्याचा आकडा आप्पांनी स्वतः पाहावा व जास्त असल्यास माल उतरवावा, असा त्यांना अधिकार दिला आहे. तो त्यांनी आजवर दोनदा वापरला, एकदा माझ्यावरच.

सदस्य बंधूंपैकी कोणास असा चिमटा करावयाचा असल्यास त्यांनी येथे दिलेली मापे आपल्या गाडीच्या भाराशी ताडून पाहावीत, अनुभवी कारागीर गाठावा आणि त्याने दोनदा ‘नको’ म्हटले तर तिसऱ्यांदा हट्ट धरू नये. चिमटा न केला तरी हरकत नाही. परंतु आपला माल ज्याच्या हातांनी जातो, त्याचे हात एकदा पाहावेत, अशी विनंती आहे.

लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.